सर विल्यम रोवन हॅमिल्टन व त्यांचा वीस नगरांचा खेळ

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आयर्लंडमधील डब्लिन शहरीं आर्चिबाल्ड हॅमिल्टन नांवाचा एक वकील राहत असे. आपल्या मुलाच्या विद्याभ्यासाविषयीं त्यानें एका पत्रांत मोठ्या अभिमानानें लिहिलें आहे, आणि मुलानें कोणकोणत्या भाषा हस्तगत केल्या ह्याची यादीच त्यांत दिली आहे. हिब्रू, फारसी, अरबी व संस्कृत ह्या भाषा तर तींत आहेतच. परंतु हिंदुस्थानी, मलायी व बंगाली ह्यांच्या पंक्तीस आपल्या मराठीचेंही नांव आहे. हा मुलगा त्या वेळीं तेरा-चौदा वर्षांहून मोठा नव्हता. पूर्वेकडील भाषांचीं पुस्तकें लंडनहून मागविण्यांत बापाचा पुष्कळ पैसा खर्च झाला. तथापि तो सत्कारणीं लागेल अशी त्यास आशा होती. मुलानें ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत शिरून हिंदुस्थानांत नशीब काढावें, हा ह्या सर्व खटाटोपाचा हेतु होता. पितृप्रेमानें ही यादी थोडीशी लांबली असावी, आणि त्या मुलास मराठी कितपत येत होती ह्याविषयीं आम्हांस शंकाच आहे. तें कांहींही असो. तो हिंदुस्थानांत कधींच आला नाहीं. गणितानें त्याला वाटेंतच अडवून धरलें. तोच हा सर विल्यम रोवन हॅमिल्टन.

विल्यमचा जन्म १८०५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, ३ व ४ तारखांच्या मधल्या मध्यरात्रीं झाला. तीन वर्षांचा होण्यापूर्वींच आईबापांनीं त्यास ट्रिम गांवीं त्याच्या चुलत्याकडे पाठविलें. हे चुलते, रेव्हरंड जेम्स हॅमिल्टन, धर्मोपदेशक असून गांवांत शाळा चालवीत असत. त्यांस भाषांचा मोठा नाद होता, आणि असा शिष्य घरांतच मिळाल्यावर त्यांनीं शिकविण्यांत कसूर केली नाहीं. पांचव्या वर्षीं विल्यम लॅटिन, ग्रीक व हिब्रू वाचूं लागला. १८१९ सालीं इराणचा वकील डब्लिनमध्यें आला असतां ह्या चौदा वर्षांच्या मुलानें त्याच्या स्वागतार्थ फारसींत पत्र रचिलें. परंतु त्याच सुमारास त्याच्या घराचें छत्रही नाहींसें झालें. आई १८१७ सालीं वारली होती. बाप १८१९ सालीं गेला. पाठीमागें लहान बहिणी राहिल्या.

भाषांकडून गणिताकडे त्याचें मन वळण्यास एक पराभव कारणीभूत झाला, असें मानण्यास जागा आहे. १८१३ सालीं अमेरिकेहून झेरा कोलबर्न नांवाचा मुलगा डब्लिनमध्यें आला. तो विल्यमहून जेमतेम वर्षभरानें मोठा. पण मोठमोठ्या संख्यांचे गुणाकार तोंडीं करून तो लोकांस चकित करीत असे. दोघांची स्पर्धा लावण्यांत आली आणि सदैव पहिल्या येणाऱ्या विल्यमला हार खावी लागली. १८२० सालीं दोघांची पुन्हां भेट झाली, तेव्हां विल्यमनें त्याच्या हिशेबाच्या युक्त्या विचारून घेतल्या व त्यांच्या मुळाशीं कोणतें तत्त्व आहे हें शोधूं लागला. हरलेल्या मुलानें जिंकणाऱ्याचा हेवा न करितां त्याच्याच जवळ बसून शिकावें, ही गोष्ट आम्हांस त्याच्या तेरा भाषांहून मोठी वाटते.

पुढें त्यानें न्यूटनचा ग्रंथ वाचला, मग फ्रेंच गणिती लाप्लास ह्याचा खगोलविषयक महाग्रंथ हातीं घेतला. १८२२ सालीं त्या ग्रंथांतील एका सिद्धतेंत त्यास चूक आढळली. ही गोष्ट आयर्लंडचे राजज्योतिषी जॉन ब्रिंक्ली ह्यांच्या कानीं गेली आणि त्यांचा लोभ ह्या तरुणावर जडला. १८२३ सालीं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेंत हॅमिल्टन पहिले आले. १८२७ सालीं ब्रिंक्ली धर्माधिकारावर गेल्यामुळें त्यांची जागा रिकामी झाली, तेव्हां वयानें व अनुभवानें वडील अशा उमेदवारांस बाजूला सारून ती हॅमिल्टनांस देण्यांत आली. त्यांची पदवीपरीक्षा अजून व्हावयाची होती. वय पुरतें बावीसही नव्हतें. विद्यार्थी असतांनाच प्राध्यापक व राजज्योतिषी होण्याचा असा योग विरळा.

डब्लिनपासून कांहीं मैलांवर डनसिंक येथें वेधशाळा होती. तेथें ते बहिणींसह राहावयास गेले आणि तेथेंच शेवटपर्यंत राहिले. खरें सांगावयाचें तर रात्र रात्र दुर्बिणीस डोळा लावून वेध घेण्यांत त्यांचें मन कधींच रमलें नाहीं, व त्या कामांत बहिणींचें त्यांस पुष्कळ साहाय्य होत असे. त्यांची बुद्धि कागदावर चाले. प्रकाशकिरणांच्या गतीविषयीं त्यांनीं एक व्यापक सिद्धान्त मांडला, आणि १८३२ सालीं केवळ त्या गणिताच्या आधारें असें भाकीत केलें, कीं विशिष्ट जातीच्या स्फटिकांत विशिष्ट दिशेनें शिरलेला एकच किरण शंकूच्या आकारानें अनेक किरणांत फांकेल. असें दृश्य तोंपर्यंत कोणीं पाहिलें नव्हतें. त्यांचे सहाध्यापक हंफ्री लॉइड ह्यांनीं अॅरॅगोनाइट नांवाच्या स्फटिकावर प्रयोग केला, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो शंकु प्रत्यक्ष दिसला. १८३५ सालीं त्यांस सर हा किताब मिळाला. ह्याच सुमारास त्यांनीं गतिशास्त्राचीं समीकरणें नव्या रीतीनें मांडलीं. विसाव्या शतकांतील पदार्थविज्ञानानें तीं उचलून धरलीं व आजही तेथें हॅमिल्टनांचें नांव नित्य घेतलें जातें.

बाहेरून पाहणाऱ्यास असा मनुष्य सर्वस्वीं सुखी वाटावा. पण तसें नव्हतें. विद्यार्थिदशेंत कॅथरिन डिझ्नी ह्या कुलीन मुलीवर त्यांचें मन बसलें होतें, परंतु १८२५ सालीं तिच्या घरच्यांनीं तिचा विवाह दुसऱ्या गृहस्थाशीं करून दिला. हें दुःख त्यांनीं कवितेंत ओतलें. १८२७ सालीं प्रसिद्ध कवि वर्ड्स्वर्थ ह्यांची भेट झाली व जन्माचा स्नेह जुळला. पण त्या थोर कवीनें त्यांच्या कविता वाचून, तुमची खरी शक्ति शास्त्रांत आहे, अशा अर्थाचा प्रामाणिक सल्ला दिला. हॅमिल्टनांनीं तो ऐकला. कविता करणें मात्र सोडलें नाहीं! १८३३ सालीं हेलन बेली ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्यांस दोन मुलगे व एक मुलगी अशीं तीन अपत्यें झालीं.

आतां त्यांच्या आयुष्यांतील मुख्य शोधाकडे वळूं. उणे एकाचें वर्गमूळ ही एक चमत्कारिक वस्तु गणितांत फार दिवसांपासून वावरत होती. कोणतीही संख्या स्वतःनें गुणली तर उत्तर उणें येत नाहीं. मग हें मूळ आहे तरी काय? हॅमिल्टनांनीं असें दाखविलें, कीं ह्यांत गूढ असें कांहींच नाहीं. दोन संख्यांची एक जोडी घ्या, जोड्यांच्या बेरजेचे व गुणाकाराचे नियम ठरवा, आणि तें मूळ म्हणजे अशीच एक जोडी ठरते. सपाट कागदावरील प्रत्येक बिंदु एका जोडीनें सांगतां येतो, आणि त्या मुळानें गुणणें म्हणजे बिंदूस पाव फेरा देणें होय. मग कागद सोडून ह्या अवकाशांतील बिंदूंसाठीं तीन-तीन संख्यांचें त्रिकूट कां चालूं नये? त्रिकुटांची बेरीज सहज होई. गुणाकार कांहीं केल्या होईना. दहाबारा वर्षें हा प्रश्न त्यांच्या मनांत घोळत राहिला. १८४३ सालच्या शरदऋतूंत तर असें झालें, कीं सकाळीं न्याहारीस आले म्हणजे दोन्ही मुलगे त्यांस त्रिकुटांचा गुणाकार जमला कीं नाहीं असें विचारीत, आणि बाप खिन्नपणें मान हालवून, अजून बेरीज-वजाबाकीच येते असें कबूल करीत असे.

१६ ऑक्टोबर १८४३, सोमवार. रॉयल आयरिश अॅकॅडमीच्या सभेचें अध्यक्षस्थान स्वीकारण्यासाठीं ते पत्नीसह कालव्याच्या कांठानें डब्लिनकडे पायीं चालले होते. पत्नी मधून मधून कांहीं बोलत होती. ते ऐकतही होते. पण मनाचा दुसरा प्रवाह आंत चालूच होता. ब्रूम पुलापाशीं येतांच एकाएकीं वीज चमकावी तसें झालें. तीन संख्यांनीं भागणार नाहीं, चार लागतील! त्यांनीं तीन नव्या राशि कल्पिल्या, आय, जे व के. प्रत्येकीचा वर्ग उणें एक, आणि तिघींचा क्रमानें केलेला गुणाकारही उणें एक. खिशांतील चाकू काढून त्यांनीं हें सूत्र तेथेंच पुलाच्या दगडावर कोरलें. ह्या चौकडीच्या संख्यांस त्यांनीं क्वाटर्नियन असें नांव दिलें; आपण चतुष्क म्हणूं.

परंतु हा गुणाकार मिळविण्यासाठीं त्यांस एक किंमत द्यावी लागली, आणि ती देण्याचें धैर्य हेंच त्या दिवसाचें खरें कर्तृत्व होय. दोन त्रिक सहा आणि तीन दुणे सहा हें आपण बालपणापासून घोकतों; गुणणाऱ्या संख्यांचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाहीं. चतुष्कांत आय गुणिले जे म्हणजे के, पण जे गुणिले आय म्हणजे उणें के! हजारों वर्षांचा नियम मोडला. हें विपरीत वाटत असेल तर हातांतील पुस्तक घ्या. तें मेजावर पुट्ठा वर करून ठेवा. प्रथम तें आपल्याकडील कडेवर उभें करा, मग उभेंच ठेवून पाव फेरा फिरवा. पुट्ठा बाजूच्या भिंतीकडे येईल. आतां पुन्हां पूर्ववत् ठेवून आधीं पाव फेरा द्या व नंतर उभें करा. पुट्ठा तुमच्याकडे पाहूं लागेल. क्रिया त्याच दोन, क्रम वेगळा, फळ वेगळें. अवकाशांतील वस्तूंचें वळणें-फिरणें मुळांतच असें आहे. म्हणून त्याचें बीजगणितही तसेंच असावयास पाहिजे. आज अवकाशयानांच्या दिशा ठरवितांना व संगणकाच्या पडद्यावरील चित्रें फिरवितांना ह्याच चतुष्कांचा उपयोग करितात.

ह्यापुढील बावीस वर्षें त्यांनीं जवळजवळ सर्वस्वीं चतुष्कांस वाहिलीं. हीं वर्षें सुखाचीं नव्हतीं. पत्नीची प्रकृति नाजूक असल्यामुळें घरची व्यवस्था नीट नसे. कागदांचे ढीग वाढत. जेवणाच्या वेळा चुकत. १८४६ सालीं डब्लिन येथील एका मेजवानींत मद्याच्या अंमलाखालीं त्यांच्याकडून लाजिरवाणें वर्तन घडलें. तें त्यांच्या मनास इतकें लागलें, कीं त्यांनीं मद्य वर्ज्य केलें. हा निश्चय सुमारें दोन वर्षें टिकला, मग ढळला. पुढें कित्येक लेखकांनीं ह्या दोषाचें चित्र फारच काळ्या रंगांत रंगविलें आहे. अलीकडील अभ्यासकांस तें तितकें खरें वाटत नाहीं. अखेरपर्यंत त्यांच्या लेखणीस खळ पडला नव्हता, ही गोष्ट तर कोणासही नाकारतां येणार नाहीं. १८५३ सालीं चतुष्कांवरील व्याख्यानांचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं कॅथरिन मृत्युशय्येवर असतां ते तिच्या भेटीस गेले, आणि तो ग्रंथ त्यांनीं गुडघे टेंकून तिच्या हातीं दिला.

ह्या महाग्रंथाच्या छायेंत झालेलें एक लहानसें काम मात्र लोकांच्या फारसें लक्षांत राहिलें नाहीं. १८५६ सालच्या ऑगस्टांत इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथें ब्रिटिश असोसिएशनची सभा भरली. हॅमिल्टनांचे जुने मित्र जॉन ग्रेव्हज त्या गांवीं राहत असत. त्यांच्याजवळ गणिताच्या ग्रंथांचा मोठा संग्रह होता, आणि नियमित घनाकृतींविषयीं दोघांचें बोलणें झालें. अशा आकृति एकंदर पांचच आहेत हें प्राचीन ग्रीकांस ठाऊक होतें. त्यांतील एक द्वादशफलक. तिला बारा पंचकोनी फलक, वीस कोपरे आणि तीस कडा असतात, व प्रत्येक कोपऱ्यांत तीन कडा मिळतात. घरीं परतल्यावर ऑक्टोबरांत हॅमिल्टनांनीं ग्रेव्हजना पत्र लिहून ह्या आकृतीचें एक स्वतंत्र बीजगणितच कळविलें. ग्रीक भाषेंत वीस ह्या अर्थी जो शब्द आहे त्यावरून त्यास त्यांनीं आयकोशियन असें नांव ठेविलें.

ही कल्पना अशी. एक प्रवासी द्वादशफलकाच्या कडेवरून एका कोपऱ्याकडे तोंड करून चालला आहे. तीस कडा, आणि प्रत्येकीवर दोन दिशा. म्हणजे तो एकंदर साठ प्रकारांनीं उभा असूं शकतो. आतां त्यास कांहीं आज्ञा द्या. पहिली आज्ञा, मागें फीर. ती दोनदां दिली कीं तो होता तसा. दुसरी, समोरच्या कोपऱ्याभोंवतीं एका कडेवरून शेजारच्या कडेवर सरक. ती तीनदां दिली कीं होता तसा. ह्या दोहोंच्या जोडीनें तिसरी आज्ञा होते, कोपरा गांठून उजवीकडे वळ. ती पांचदां दिली कीं एका पंचकोनाची प्रदक्षिणा होऊन तो मूळ जागीं येतो. दुसरी आज्ञा दोनदां वापरून चौथी मिळते, डावीकडे वळ. हॅमिल्टनांनीं ह्या आज्ञांस आयोटा, कॅपा, लँब्डा व म्यू हीं ग्रीक अक्षरें दिलीं, आणि आज्ञेमागून आज्ञा देणें ह्यास गुणाकार म्हटलें. आधीं उजवें मग डावें हें आधीं डावें मग उजवें ह्याहून भिन्न. तेव्हां येथेंही क्रम बदलून चालत नाहीं. ज्यानें १८४३ सालीं तो जुना नियम एकदां मोडला होता, त्याला तो दुसऱ्यांदा मोडण्यास भीति कसली? कितीही लांब आज्ञावली रचा, तिचें फळ साठ फळांपैकींच एक असतें. कांहीं निवडक राशि व त्यांचे थोडे नियम सांगून एक सबंध समूह निर्माण करण्याचें हें अगदीं आरंभींचें उदाहरण होय.

येथें वाचकानें एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. आपल्या शहरांतील रस्त्यांचें असें बीजगणित होत नाहीं. एका चौकापासून चारदां उजवीकडे वळलें तर आपण परत येऊं, दुसऱ्या चौकापासून भलत्याच गल्लींत शिरूं. द्वादशफलकावर मात्र जी आज्ञावली एका कडेवरील प्रवाशास घरीं आणते, ती कोणत्याही कडेवरील प्रवाशास घरीं आणते, कारण तेथें कोणताही कोपरा दुसऱ्याहून निराळा नाहीं. आकृतीचा हा नियमितपणा आहे म्हणूनच तिच्यावर चालण्याचें गणित होतें.

ह्या गणितानें हॅमिल्टनांनीं एक कोडें सोडविलें. प्रवाशानें विसांतील प्रत्येक कोपऱ्यास एकदांच भेट द्यावी आणि अखेर निघाल्या ठिकाणीं परत यावें. उत्तर असें: तीनदां उजवीकडे, तीनदां डावीकडे, मग उजवें, डावें, उजवें, डावें, ह्या दहा आज्ञा झाल्या, त्याच पुन्हां एकदां द्या. विद्यार्थ्यांनीं हें कागदावर पडताळून पाहावें. एक मोठा पंचकोन काढा. त्याच्या आंत दहा बिंदूंचें कडें, आणि त्याच्याही आंत एक लहान पंचकोन. बाहेरच्या पंचकोनाचे कोपरे कड्यांतील एकाआड एक बिंदूंस जोडा, व उरलेले पांच बिंदु आंतल्या पंचकोनास जोडा. हा चपटा केलेला द्वादशफलकच होय. कोणत्याही रेघेवरून कोणत्याही दिशेनें निघा; वीस पावलांत वीसही बिंदु होऊन तुम्ही परत याल.

१८५७ सालीं डब्लिन येथें ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत हॅमिल्टनांनीं हें कोडें खेळाच्या रूपानें दाखविलें. १८५९ सालीं लंडनच्या जॉन जॅक्स आणि सन ह्या खेळण्यांच्या व्यापाऱ्यांनीं त्याचे हक्क पंचवीस पौंडांस विकत घेतले. एका प्रकारांत भोंके पाडलेला लांकडी पट व वीस खुंट्या होत्या. दुसऱ्यांत घनाकृतीच्या कोपऱ्यांवर खुंट्या असून त्यांस दोरा गुंडाळीत जावयाचें होतें. कोपऱ्यांस इंग्रजी व्यंजनांचीं नांवें होतीं आणि प्रत्येक व्यंजन एका नगराचें किंवा प्रदेशाचें आद्याक्षर मानलें होतें. ब्रुसेल्स, कँटन, लंडन, मॉस्को, पॅरिस, रोम, झांजीबार इत्यादींच्या मालिकेंत दिल्ली आणि काश्मीरही होतीं. जो मुलगा कंपनीच्या नोकरीनिमित्त हिंदुस्थानांत यावयाचा होता, त्यानें चौपन्नाव्या वर्षीं दिल्लीस असा फेरा घातला, तोही दोऱ्यानें!

खेळ मात्र खपला नाहीं. पंचवीस पौंड देणाऱ्या व्यापाऱ्यास तो तोट्याचाच सौदा झाला असावा.

ह्या ठिकाणीं एका धर्मोपदेशकाचें नांव न घेणें अन्यायाचें होईल. लँकेशायर परगण्यांतील क्रॉफ्ट गांवचे रेक्टर रेव्हरंड थॉमस किर्कमन ह्यांनीं पन्नासांहून अधिक वर्षें त्या लहानशा खेड्यांत धर्मसेवा केली आणि फावल्या वेळांत उच्च गणित केलें. कोणकोणत्या घनाकृतींवर सर्व कोपऱ्यांतून जाणारा असा फेरा काढतां येतो, हा प्रश्न त्यांनीं हॅमिल्टनांच्या आधींच, व एकाच आकृतीपुरता न ठेवितां, हातीं घेतला होता. तरी आज साऱ्या जगांत अशा फेऱ्यास हॅमिल्टनचा फेरा असेंच म्हणतात. कीर्तीची वांटणी नेहमीं न्यायानें होते असें नाहीं.

बिंदु व त्यांस जोडणाऱ्या रेघा ह्यांच्या अशा जाळ्यांस गणितांत आलेख म्हणतात, आणि त्यांचें शास्त्र विसाव्या शतकांत फार वाढलें. कोणत्याही जाळ्यांत असा फेरा आहे कीं नाहीं हें झटपट सांगणारी रीत अद्यापि कोणास सांपडलेली नाहीं. नियमित आलेखांच्या बीजगणितांत तर आपल्या देशाचाही वांटा आहे. नर्मदाकांठच्या होशंगाबादेस १९०१ सालीं जन्मलेले राजचंद्र बोस हे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत काम करून पुढें अमेरिकेंत प्राध्यापक झाले. १९५९ सालीं त्यांनीं व मेस्नर ह्यांनीं अशा नियमित रचनांस लागूं पडणारें एक बीजगणित प्रसिद्ध केलें. आपल्या द्वादशफलकावरच तें थोडें पाहूं. कोणताही कोपरा घ्या. त्यापासून एका पावलावर तीन कोपरे, दोन पावलांवर सहा, तीनवर सहा, चारवर तीन आणि पांच पावलांवर एकच कोपरा सांपडतो. प्रत्येक अंतराचें एक कोष्टक मांडावें: ज्या दोन कोपऱ्यांत तितकें अंतर असेल तेथें एक, नाहींतर शून्य. आतां एका पावलाचें कोष्टक स्वतःनें गुणा. उत्तर येतें शून्य पावलांच्या कोष्टकाची तिप्पट अधिक दोन पावलांचें कोष्टक. कारण दोन पावलें चालून आपण मूळ ठिकाणीं तीन वाटांनीं परत येतों, आणि दोन पावलांवरील कोपऱ्यास एकाच वाटेनें पोहोंचतों. कोणतींही दोन कोष्टकें गुणलीं तरी ह्याच सहा कोष्टकांच्या बाहेर उत्तर जात नाहीं. गंमत अशी, कीं ह्या गुणाकारांत क्रम बदलला तरी चालतो! हॅमिल्टनांच्या आज्ञा क्रमास चिकटून बसतात. त्याच आकृतीवरील अंतरें बसत नाहींत.

हॅमिल्टनांस स्वतःला ह्या खेळाचें फार मोल वाटत नव्हतें. त्यांचा जीव चतुष्कांत होता. ह्या दोहोंचें मूळ नातें पुढील गणित्यांनीं स्पष्ट केलें. चतुष्कांतून १२० निवडक चतुष्कें अशीं काढतां येतात, कीं त्यांतील कोणतींही दोन गुणलीं असतां उत्तर त्या १२० पैकींच येतें; आणि त्यांतील प्रत्येक चतुष्क व त्याचें उणें रूप एकच मानलें, तर उरतात त्या द्वादशफलकाच्याच साठ क्रिया. पुलावरील शोध व पंचवीस पौंडांचें खेळणें हीं अशीं एकाच घरचीं निघालीं.

अखेरचीं वर्षें त्यांनीं चतुष्कांचा दुसरा, त्याहूनही मोठा ग्रंथ लिहिण्यांत घालविलीं. अमेरिकेंत नुकत्याच स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान अॅकॅडमीनें १८६४ सालीं आपले पहिले परदेशीय सभासद निवडले, तेव्हां त्या यादींत हॅमिल्टनांचें नांव सर्वांच्या आधीं घातलें. पण शरीर संधिवातानें खचलें होतें. २ सप्टेंबर १८६५ रोजीं, ग्रंथाचा शेवटचा भाग लिहावयाचा राहिला असतां, त्यांनीं देह ठेविला. डब्लिनच्या माउंट जेरोम स्मशानभूमींत त्यांस पुरण्यांत आलें. न्याहारीच्या वेळीं त्रिकुटांविषयीं विचारणाऱ्या मुलांपैकीं वडील, विल्यम एडविन, ह्यानें तो ग्रंथ १८६६ सालीं छापून प्रसिद्ध केला.

ब्रूम पुलावर १९५८ सालीं आयर्लंडचे तेव्हांचे पंतप्रधान ईमन डी व्हॅलेरा, जे पूर्वी गणिताचे शिक्षक होते, ह्यांच्या हस्तें एक स्मरणशिला बसविण्यांत आली. तिच्यावर तें सूत्र आहे. दरवर्षीं १६ ऑक्टोबरला गणिताचे शिक्षक व विद्यार्थी डनसिंकपासून त्या पुलापर्यंत कालव्याच्या कांठानें पायीं जातात. चाकूनें कोरलेली मूळ अक्षरें मात्र पावसापाण्यानें केव्हांच पुसून गेलीं आहेत.